परीक्षेचे माप

भात शिजत आला की घरची बाई टोपावरचे झाकण काढते. पळीने एक शीत उचलते, बोटांत दाबून पाहते. शीत मऊ लागले तर टोप खाली उतरवते. आतली सगळी शिते ती दाबत बसत नाही. म्हणूनच आपल्याकडे म्हण पडली, शितावरून भाताची परीक्षा.

शाळेतली परीक्षाही अशीच असते. वर्षभरात मूल शेकडो गोष्टी शिकते. पेपरात त्यांतल्या दहा-वीस विचारतात. त्या दहा-वीस गोष्टींवरून ठरवतात, की या मुलाला किती येते.

यात एक अट मात्र आहे. शीत टोपाच्या मधले हवे. समजा, कोणी चार दाणे वेगळे शिजवले, टोपात वर ठेवले आणि तेच आपल्यापुढे केले. शीत मऊ लागेल, पण खालचा भात कच्चाच असेल. जेवायला बसल्यावर ते कळेल. मुलांच्या शिकण्यातही असे होते. ते कसे होते आणि आईबापांनी काय पाहावे, ते या धड्यात सांगतो.

टक्के म्हणजे काय?

"औंदा निकाल अठ्ठ्याण्णव टक्के लागला," असे आपण ऐकतो. टक्का म्हणजे शंभरातला एक भाग. निकाल ९८ टक्के लागला, म्हणजे १०० मुले परीक्षेला बसली असे धरले तर ९८ पास झाली. दोन राहिली.

दहावीची परीक्षा महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ घेते. या मंडळाचे ९ विभाग आहेत. आपल्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांचा मिळून कोकण विभाग होतो. त्याचे कार्यालय रत्नागिरीतच आहे. २०१२ सालापासून आपला निकाल वेगळा लागतो, आणि वर्षानुवर्षे राज्यात पहिला लागत आला आहे. २०२५ साली सगळ्या राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला. कोकणचा लागला ९८.८२ टक्के. ही आनंदाची गोष्ट आहे. मुलांनी मेहनत केली, शिक्षकांनी केली, आईबापांनी पोटाला चिमटा काढून शिकवले.

पण हा आकडा कशाचे माप आहे, हेही समजून घ्यायला हवे. त्यासाठी मागची चार वर्षे पाहू. मोठ्याने वाचा.

२०१८ साली कोकणचा निकाल ९६ टक्के लागला.
२०१९ साली लागला ८८.३८ टक्के.
२०२० साली लागला ९८.७७ टक्के.
२०२१ साली लागला १०० टक्के.

सगळ्या राज्याचे आकडेही असेच खालीवर झाले. २०१८ साली ८९.४१, २०१९ साली ७७.१०, २०२० साली ९५.३० आणि २०२१ साली ९९.९५ टक्के.

आता विचार करा. २०१९ साली महाराष्ट्रातली मुले एकाएकी मठ्ठ झाली काय? आणि पुढच्याच वर्षी एकाएकी हुशार झाली? असे होत नाही. मग झाले काय?

माप बदलले. २०१८ पर्यंत भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांत ८० मार्क लेखी पेपराचे असत. उरलेले २० मार्क तोंडी परीक्षेचे आणि वर्गातल्या कामाचे. ते शाळाच देई. २०१९ च्या परीक्षेला हे २० मार्क काढून टाकले आणि पेपर पुरा १०० मार्कांचा केला. त्याच वर्षी दहावीची पुस्तकेही नवी होती. निकाल एकदम खाली आला. मग २०२० साली शाळेचे २० मार्क परत आणले. निकाल वर गेला. २०२१ साली करोनाची साथ होती. बोर्डाची परीक्षाच झाली नाही. मुलांचा नववीचा निकाल आणि दहावीत शाळेत केलेले काम पाहून मार्क दिले. कोकणात सगळीच पास झाली.

पायली मोठी असली की भात कमी भरतो. पायली लहान असली की जास्त भरतो. रास तेवढीच असते. म्हणून नुसता आकडा ऐकून मान डोलावू नये, की कपाळावर हातही मारू नये. आधी विचारावे, कोणत्या पायलीने मोजले?

परीक्षेने भलेही केले

कोणी म्हणेल, "मग गुरुजी, परीक्षा नकोच की!" असे घाईने म्हणू नका. परीक्षेने गरिबाचे भलेही केले आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले. १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. तिच्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पास झाले. रामकृष्ण गोपाळ भांडारकरही पास झाले. भांडारकर आपल्या कोकणातलेच. जन्म मालवणचा आणि शाळा रत्नागिरीची. पुढे ते संस्कृतचे मोठे पंडित म्हणून जगात गाजले.

पुढे मराठी शाळेत सातवीनंतर फायनलची परीक्षा असे. त्या काळी फायनल पास झालेल्या माणसाला मास्तरकी मिळे. घरची थोडी भातजमीन, बाप मुंबईला गिरणीत, अशा घरातला मुलगाही त्या कागदावर उभा राहू शकला. पेपर तपासणाऱ्याला मुलाचे नाव कळत नाही, जात कळत नाही, बापाची ओळख कळत नाही. त्याच्यापुढे फक्त उत्तरे असतात. वशिल्यापेक्षा हे शंभर पटींनी बरे.

तेव्हा परीक्षा वाईट नाही. शिकणे बाजूला राहते आणि परीक्षा हेच शाळेचे काम होऊन बसते, तेव्हा वाईट होते.

निकालावर पैसे

हे दुखणे जुने आहे. इंग्रजांच्या राज्यात, १८६० नंतरच्या काळात, मुंबई इलाख्यात खाजगी शाळांना निकाल पाहून पैसे देण्याची रीत आली. सरकारचा तपासनीस शाळेत येई आणि मुलांची परीक्षा घेई. जितकी मुले पास, तितके पैसे शाळेला.

ऐकायला हे बरे वाटते. पण मास्तरच्या जागी बसून पाहा. पोट निकालावर अवलंबून आहे. मग तो काय करील? तपासनीस जे विचारतो, तेवढेच घोकून घेईल. जे मूल हमखास पास होईल, त्याच्याकडे लक्ष देईल. जे मागे आहे, त्याच्यावर वेळ कशाला घालवील? आणि ज्या वस्तीत शाळेची ओळखच नाही, तिथे शाळा काढायला तो जाईलच कशाला?

महात्मा जोतीराव फुल्यांनी हे तेव्हाच ओळखले. १८८२ साली सरकारने शिक्षणाची चौकशी करायला हंटर कमिशन नेमले. फुल्यांनी त्याच्यापुढे लेखी निवेदन दिले. त्यात त्यांनी सांगितले, की गरीब आणि अडाणी लोकांत शिक्षण पसरवायला ही निकालावर पैसे देण्याची रीत उपयोगाची नाही. या लोकांत अजून शिक्षणाची गोडी उत्पन्न झालेली नाही. असल्या रीतीवर विसंबून त्यांच्यात शाळा काढायला कोणी मास्तर पुढे येणार नाही, कारण त्याचे पोट त्यावर चालणार नाही. या गोष्टीला १४० वर्षे होऊन गेली. आजही तिचा विचार करण्यासारखा आहे.

शाळा परीक्षेमागे कशी धावते?

एक उदाहरण घेऊ. भूगोलात प्रश्न येतो, 'कोकणातल्या नद्या लांबीने आखूड आहेत. कारण द्या.' मूल लिहिते, 'सह्याद्री पर्वत समुद्राला जवळ आहे, म्हणून.' उत्तर बरोबर. मार्क मिळाले.

आता त्याच मुलाला काजळीच्या नाहीतर शास्त्री नदीच्या काठावर उभे करा. विचारा, "बाळा, हे पाणी येते कुठून आणि जाते कुठे? सह्याद्री कुठल्या अंगाला आहे? बोट दाखव." पुष्कळ मुले गोंधळतात. ज्या नदीवर ती रोज आंघोळ करतात, तीच ही नदी, हे त्यांच्या ध्यानात आलेले नसते. त्यांच्या मते ती नदी पुस्तकातली.

दुसरी शाळा पाहा. तिथली बाई मुलांना घेऊन गावच्या पऱ्यावर जाते. पाण्यात पान टाकायला सांगते. पान कुठे जाते? खाली नदीला. नदी कुठे जाते? खाडीला. खाडी कुठे? समुद्राला. मग वर पाहा, डोंगर किती जवळ आहे. मुले आपणच म्हणतात, "बाई, वाट थोडी म्हणून नदी आखूड!" या मुलांना कारण पाठ करावे लागत नाही. पेपरात प्रश्न फिरवून आला तरी ती अडत नाहीत.

दोन्ही शाळांत मुलांना मार्क सारखेच पडतील. शिकणे सारखे नाही.

आंब्याचे तसेच आहे. आढीत गवतावर लावलेला हापूस हळूहळू पिकतो. आतून बाहेरून सारखा होतो. पुडी घालून घाईने पिकवलेला आंबा वरून पिवळाधमक दिसतो. कापला की आत आंबट आणि पांढरा. पेटीवरचे लेबल दोन्हींचे एकच.

घाई कोण करायला लावते? नुसते शिक्षक नव्हेत. आपणही लावतो. निकाल लागला की आपण पहिले विचारतो, "किती टक्के?" काय शिकलास, असे कोणी विचारत नाही. मग शाळाही टक्क्यांच्या मागे लागते. परीक्षेला हमखास येणारे प्रश्न तेवढे करून घेते. चित्रकला, खेळ, बागकाम, गोष्टी वाचणे यांचे तास मागे पडतात.

दुसऱ्या तऱ्हेची परीक्षा

परीक्षा दोन तऱ्हेच्या असतात. एक मुलाला निवडते किंवा थांबवते. दहावीची परीक्षा, शिष्यवृत्तीची परीक्षा या तशा. दुसरी नुसती नाडी पाहते. वैद्य नाडी पाहतो, तो रोग्याला पास-नापास करत नाही. औषध काय द्यावे, ते ठरवतो.

अशी नाडी पाहणारी एक पाहणी 'असर' नावाची आहे. 'प्रथम' ही संस्था ती २००५ पासून करत आली आहे. यात लोक खेड्यांतल्या घरी जातात. मुलाला जवळ बसवतात. त्याच्यापुढे कागद ठेवतात. त्यावर आधी अक्षरे, मग शब्द, मग सोपा उतारा, मग दुसरीच्या पुस्तकासारखी छोटी गोष्ट. मूल कुठपर्यंत वाचते ते लिहून घेतात. तसेच वजाबाकी-भागाकार पाहतात. मुलाला ना बक्षीस, ना शिक्षा.

२०२४ सालच्या पाहणीत काय दिसले? भारताच्या खेड्यांत पाचवीत शिकणारी १०० मुले घेतली, तर त्यांतल्या सुमारे ४९ मुलांनाच दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. हा आकडा सगळ्या देशाचा आहे, एकट्या कोकणचा नाही. पण जी ५१ मुले वाचू शकली नाहीत, तीही शाळेत जातात, तीही वरच्या वर्गात चढतात. घरी कोणाला पत्ता नसतो. पुढे आठवी-नववीचे जाड पुस्तक हातात आले, की मूल शाळेला जायला कुरकुरते. आपण म्हणतो, पोराला शिकायची आवडच नाही. खरे तर त्याचा हात तिसरीतच सुटलेला असतो.

तुमच्यापैकी काहींनी असे माप स्वतः दिलेही असेल. 'उल्लास' या साक्षरता कार्यक्रमात १७ मार्च २०२४ रोजी महाराष्ट्रात मोठ्या माणसांची चाचणी झाली. वाचन ५० मार्क, लेखन ५० मार्क आणि हिशेब ५० मार्क. तिन्हींत वेगवेगळे पास व्हायचे. हिशेबात जास्त पडले म्हणून वाचनात सूट नाही. माप असे हवे. काय येते आणि काय येत नाही, ते वेगवेगळे दाखवणारे.

नापास न करण्याचा कायदा

मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला नापास करून मागे ठेवू नये, असे त्यात ठरले. मूल नापास झाले की लाजते, शाळा सोडते, हे टाळायचे होते. हेतू चांगला होता.

गावात मात्र त्याचा अर्थ असा घेतला गेला, की "आता परीक्षाच नाही." ते खरे नव्हते. परीक्षा होती, तिची तऱ्हा बदलली होती. शिक्षकाने वर्षभर मुलाकडे लक्ष ठेवायचे. त्याचे वाचन, त्याचे बोलणे, त्याचा प्रयोग, त्याची वही पाहायची आणि नोंद करायची. जिथे मागे आहे तिथे हात द्यायचा. जिथे हे मनापासून झाले तिथे मुले पुढे गेली. जिथे नुसते तक्ते भरले गेले तिथे कच्चे मूल कच्चेच वर गेले.

२०१९ साली केंद्राने कायद्यात बदल केला. महाराष्ट्राने २०२३-२४ या वर्षापासून पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा सुरू केली. मूल नापास झाले तर पुन्हा परीक्षा मिळते. तीही गेली तर त्याच वर्गात राहावे लागते.

तेव्हा मुलगा किंवा मुलगी चौथीत असतानाच जागे व्हा. पाचवीच्या निकालाची वाट पाहू नका.

घरी काय पाहावे?

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. तुमच्या हातात माप आले आहे. मुलाची नाडी तुम्हीही पाहू शकता. महिन्यातून एकदा चार गोष्टी करून पाहा.

पहिली गोष्ट. मुलाला त्याच्या पुस्तकातले नव्हे, दुसरे काही वाचायला द्या. वर्तमानपत्राचा तुकडा, एस. टी.ची पाटी, रेशन दुकानावरची सूचना. वाचून झाल्यावर म्हणा, "आता तुझ्या शब्दांत सांग." सांगता आले तर खरे वाचता येते.

दुसरी गोष्ट. घरचा हिशेब सांगा. "५ डझनाच्या पेटीत ७ आंबे डागी निघाले. चांगले किती?" बोटे मोजली तरी चालेल. उत्तर ५३ आले पाहिजे, आणि ते कसे आले ते सांगता आले पाहिजे.

तिसरी गोष्ट. मुंबईच्या मावशीला चार ओळींचे पत्र लिहायला सांगा. गावातली बातमी त्यात असू दे. शुद्धलेखनाच्या चुका आधी काढू नका. मनातले कागदावर उतरते का, ते पाहा.

चौथी गोष्ट. "का?" असे विचारा. पाऊस आधी कोकणात का पडतो? तरवा काढून दुसरीकडे का लावतात? उत्तर चुकले तरी रागावू नका. मूल विचार करते का, तेवढेच पाहायचे आहे. तुम्हालाच उत्तर ठाऊक नसेल तर म्हणा, "चल, दोघे मिळून गुरुजींना विचारू." त्यात कमीपणा नाही.

यांतले एखादे जमले नाही म्हणून मुलाला मारू नका. शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. काय अडते आहे ते ध्यानात ठेवा आणि शाळेत जाऊन सांगा.

शाळेत जाऊन काय विचारावे?

"आम्ही अडाणी, आम्ही काय बोलणार?" असे आता म्हणू नका. त्याच कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यातले १०० पैकी निदान ७५ सभासद आईबाप असले पाहिजेत. निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. हा उपकार नव्हे, तुमचा हक्क आहे.

सभेला जा. शिक्षकाशी भांडू नका. त्याच्यावर कागदांचे ओझे असते. लहान शाळेत दोन-दोन वर्ग एकट्याने सांभाळावे लागतात. शांतपणे तीन प्रश्न विचारा. माझ्या मुलाला काय चांगले येते? कुठे अडते? घरी मी काय करू?

"किती टक्के?" हा प्रश्न चौथा ठेवा.

आणि दहावीला एखादे मूल नापास झाले तर? पास व्हायला विषयात १०० पैकी ३५ मार्क लागतात. ३४ पडले म्हणजे जन्म फुकट गेला असे नाही. २०१५ पासून पुरवणी परीक्षा त्याच वर्षी, पावसाळ्याच्या सुरुवातीला होते. राहिलेले विषय पुन्हा देता येतात आणि वर्ष वाचते. निकालाच्या दिवशी मुलाला एकटे सोडू नका. घरात बोलाचाली करू नका. पोटभर जेवू घाला. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन फॉर्मची चौकशी करा.

गावाने १०० पैकी ९८ मुलांचे पेढे जरूर वाटावेत. पण त्याच संध्याकाळी राहिलेल्या दोन मुलांच्या घरीही कोणीतरी जावे. मार्क कमी पडले म्हणून ती मुले गावाची नाहीत, असे नव्हे.

विचार करा आणि बोला

१. २०१९ साली निकाल खाली का आला? तुमच्या शब्दांत सांगा.
२. पास झालेले मूल आणि शिकलेले मूल, यांत फरक काय?
३. तुमच्या गावच्या शाळा समितीत कोण कोण आहेत? त्यांत स्त्रिया किती?
४. तुमच्या मुलाला काय चांगले येते? ते त्याला शेवटचे कधी सांगितले?

या प्रश्नांना मार्क नाहीत.